उसवण

ऋजुतानं हैदराबादहून सांगितलं, मी लिहून घेतलं
मापांच्या वहीत, काळे वहिनींच्या बाहीच्या खाली:
आधी फोटो लॅपटॉपवर.
मग कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत भरायचं, वायर हलवायची नाही.
कुलूप सगळ्यात शेवटी.
"आधी लावलंस ना आई, तर फोनची वीट होईल."
वीट म्हणजे?
"म्हणजे वीट."

स्क्रीनवर उभी हिरवी रेघ,
डाव्या काठापासून दोन बोटं आत,
खडूनं आखावी तशी सरळ.
वॉरंटीचे अकरा दिवस शिल्लक.

मे महिन्यात आली होती तेव्हा तिनंच उघडला होता हा फोन.
कंपनीनं न विचारता दिलेलं सगळं काढून फेकलं,
अक्षरं माझ्या डोळ्यांच्या मापाची केली,
आवाजाचं बटण दाबून धरलं की बॅटरी,
सुईत दोरा ओवायला.
आणि फोन चालू होताना कंपनीच्या नावाऐवजी
माझ्याच अक्षरात, याच वहीतून उचललेलं:
थांब गं, येतेय.
बेल वाजली की मशीनवरून मी ओरडते ते.

रात्री दीड. टेंभीपाड्यात पाण्याची मोटर बंद झालेली.
पट्टी बासष्ट टक्क्यांवर अडली.
वाट बघताना पाय आपोआप पायट्यावर,
मशीन रिकामंच चाललं,
कापड नाही, दोरा नाही.

मग कंपनीचं नाव आलं, मोठ्ठं,
आणि फोननं मला विचारलं,
तुमची भाषा कोणती.

मुलुंडला, पाच रस्त्याजवळ, टोकन सत्तेचाळीस.
काउंटरवर किरकोळ पोरगा, छातीवर नाव: निमिष गाला.
"काही बदल केलेत का यात?"
नाही, म्हटलं.
खोटं बोलताना मी पदर नीट करते, हे मला तिथं कळलं.

त्यानं वायर जोडली, कुठलंसं पान उघडलं, थांबला.
"काकू, आत एक फ्यूज असतो.
एकदा फोन उघडला की जळतो.
परत काहीही भरा, तो जळलेलाच."

तीस वर्षं मी बायकांचे ब्लाउज उसवतेय.
उसवलं, इस्त्री मारली, पाणी शिंपडलं,
तरी उजेडात धरलं की सुईची भोकं दिसतातच.
हे मला कुणी सांगायला नको होतं.

"कुणी केलं होतं?" त्यानं हळूच विचारलं, मागे साहेब होता.
मुलीनं.
"हात साफ आहे तिचा," म्हणाला,
आणि पावतीवर लिहिलं, वॉरंटी रद्द.
नवीन स्क्रीन सात हजार दोनशे.

सात हजार दोनशे म्हणजे किती ब्लाउज, हा हिशेब
मी बसस्टॉपपर्यंत केला आणि सोडून दिला.

म्हणजे सगळं उगाच उसवलं.
ती एक ओळसुद्धा.

घरी आले. जेवले नाही. लॅपटॉप उघडला.
कागद खालून वर वाचायला घेतला.
कुलूप आधी निघालं. फोननं धमकी दिली,
या यंत्रावर आता विश्वास ठेवता येणार नाही.
बरं, म्हटलं.
दोन पायऱ्या उलट जाईनात, तेव्हा तिला उठवलं.
"आई, तू? एकटी?"
तू नुसतं बोल. वायर मी हलवत नाही.

पहाटे कावळे बोलायला लागले तेव्हा तो थरथरला,
काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला.
वीट, मला वाटलं.

मग हळूहळू माझं अक्षर उमटलं.
रेघ तिथेच होती, थांब-मधल्या बरोबर अंगावरून,
हिरव्या दोऱ्यानं कच्चा टाका घातल्यासारखी.

काळे वहिनी दहाला येणार होत्या.
बाही अजून लावायची होती.